चार माणसांचा साचा

शनिवार, ३ ऑक्टोबर

आले बाई एकदाची कैरोला! मायक्रोबसमध्ये शेजारणीचं बदक माझ्या मांडीवर आणि तिचं पोर माझ्या खांद्यावर झोपलेलं. बसातीन वस्तीत उतरले तेव्हा पोर सुटलं, बदक काही सुटेना. नवरा गेल्यापासून एवढं प्रेम माझ्यावर कुणी केलं नव्हतं.

ही वही माझ्या लेकीने दिली, हनाने. म्हणाली, आई, तिकडे चिडवायला कुणी सापडलं नाही तर वहीला चिडव. सहावीपर्यंत शिकलेय मी गावच्या शाळेत. तेव्हा वहीबाई, शुद्धलेखनाचं तू बघून घे.

माझ्या मालकाचा, उस्ता शिहाताचा, कारखाना म्हणजे तळमजल्यावरच्या तीन खोल्या. पहिल्या मजल्यावर त्याची आई, हज करून आलेली हज्जा दौलत. गच्चीवरच्या खोलीत आता मी. इथे बिल्डर लोकांसाठी खेळण्यातली गावं बनवतात. वाळवंटात जे बंगले अजून बांधलेच नाहीत, ते इथे काचेच्या पेटीत तयार. खजुराची झाडं, पोहायचे तलाव, नखाएवढ्या गाड्या आणि बोटाच्या पेराएवढी माणसं. लोक ते बघून खरे पैसे देतात म्हणे. खुळी कुठली.

उस्ताने विचारलं, काय येतं तुला? मी म्हटलं, जन्मभर मौलिदच्या सणाला साखरेच्या बाहुल्या ओतल्या. लाकडी साचा, त्यात उकळता पाक, गार झाला की बाहुली बाहेर. तो म्हणाला, मग हे तेच काम. फक्त इथलं चाटू नकोस.

उस्ताचं पोट उस्ताच्या आधी खोलीत येतं. हे मी त्याला सांगितलं नाही. आज पहिलाच दिवस.

मंगळवार, ६ ऑक्टोबर

रावया मला काम शिकवतेय. ती माणसं घासते आणि रंगवते, तोंडात सदा भोपळ्याच्या बिया. साली थेट बिल्डरच्या बागेत थुंकते.

काम असं. मेणाचं माणूस कोरायचं. ते अर्धं मातीत पुरायचं आणि वरून सिलिकॉन ओतायचं. ते रबरासारखं घट्ट झालं की उलटं करून दुसरी बाजू ओतायची. म्हणजे साच्याचे दोन अर्धे होतात, चिरलेल्या पावासारखे. मेण काढून टाकलं की माणसाची पोकळी उरते. त्या पोकळीत रेझिन ओतायचं, साचा दाबाच्या हंड्यात ठेवायचा, झाकण आवळायचं, कॉम्प्रेसरने हवा भरायची. दाबाने बुडबुडे चिरडून जातात. एखादा राहिलाच तर माणसाचं नाक तरी जातं नाहीतर बोटं. बाहेर आलेल्या माणसाला एक देठ असतो, जिथून रेझिन आत शिरलं तो. तो कटरने तोडला की माणूस मोकळा.

रावया म्हणते, सिलिकॉन काही म्हणजे काही विसरत नाही. मेणावर तुझ्या बोटाचा ठसा राहिला तर तोही दर वेळी उठणार. मी म्हटलं, माझी सासू अश्शीच होती.

शनिवार, १० ऑक्टोबर

बिल्डरचा माणूस येऊन गेला. त्याला आपल्यासारखी दिसणारी माणसं हवीत. जुन्या साच्यांतली सगळी गोरी, वाळकी, कुत्र्यामागे पळणारी. इथे मला सगळे उम्म हना म्हणतात, हनाची आई. उस्ता म्हणाला, उम्म हना, तू कोर.

मी चार कोरली. एक अम्म बिखीत, म्हणजे बिखीतकाका, आमचा रखवालदार. पायघोळ गलबिया घातलेला, एक पाय पुढे टाकलेला, कारण बसल्या जागेवरून तो एवढाच चालतो. दुसरा उस्ता, हात पोटावर, जणू गाभण म्हैस कुरवाळतोय. तिसरी हज्जा दौलत. ती दिवसभर बाल्कनीत वाकून दोरीने टोपली खाली सोडते आणि भाजीवाल्याशी भांडते. म्हणून तिची हनुवटी पुढे. आणि चौथी मी. तोंड उघडून हसणारी, उजवा हात वर. लोकांना बोट दाखवून हसायचं तर हात वर नको का?

रावयाला म्हटलं, तुझी पण करते. ती एकदम म्हणाली, माझी केलीस तर बोटं मोडीन तुझी. एवढं काय चिडायचं?

उस्ताने चारी माणसं हातात घेऊन पाहिली. आपल्याच माणसाकडे बघून म्हणाला, हा जाड्या कुठून शोधून आणलास? कामावरच्या पोरी टेबलाखाली तोंड घालून हसल्या.

सोमवार, १२ ऑक्टोबर

नवा हंडा आला, जुन्याच्या दुप्पट. म्हणून उस्ताने दारात मेंढा कापला. हज्जा वरून ओरडत होती, अरे, गळ्याकडून नीट धर, तुझ्या बापालाही कधी जमलं नाही! आम्ही सगळ्यांनी रक्तात पंजे बुडवून हंड्यावर उमटवले. माझा पंजा सगळ्यात लहान, झाकणाच्या अगदी खाली.

उस्ता बाहेर कसायाशी कातड्यावरून भांडत बसला. सिलिकॉन कालवून तयार होतं, थांबलं असतं तर घट्ट झालं असतं. मी फडक्याला हात पुसले आणि ओतलं. चारी माणसं एकाच साच्यात, शेजारी शेजारी. मेणाभोवती बुडबुडे धरतात, ते सुईने फोडावे लागतात. हातात सुई, समोर बाहुल्या! हना लहानपणी आजारी पडली की करायचे तेच मला आठवलं. कागदाची बाहुली कापायची, एकेकाचं नाव घेऊन टोचायची आणि मग जाळायची, म्हणजे दृष्ट उतरते. मग काय, मी सूर लावला. बिखीतच्या डोळ्यातून, टोच. शिहाताच्या डोळ्यातून, टोच. दौलतच्या डोळ्यातून, टोच टोच टोच, तिला तीन. आणि इन्शिराहच्या, म्हणजे माझ्याच, डोळ्यातून, कारण माझ्याइतकी वाईट नजर बसातीनमध्ये कुणाची नाही.

पोरी हसून लोळल्या. रावया हसली नाही. बिया थुंकून म्हणाली, नखं तरी धुवायचीस, रक्त आहे त्यात.

गुरुवार, १५ ऑक्टोबर

पहिली चार माणसं निघाली. काय सुरेख! माझे दात मोजता येतात. साच्यात एक बारीक तपकिरी रेघ आहे, चौघांच्या पायांखालून गेलेली. पुसली, जात नाही. माणसांवर मात्र उठत नाही, मग राहू दे.

देठ तोडताना कटर घसरला आणि बिखीतचा पाय देठाबरोबरच तुटला. त्याला दाखवला. म्हटलं, अम्म बिखीत, बघा, आता बसून राहायला कारणही मिळालं. म्हातारा खोकेपर्यंत हसला. म्हणाला, उम्म हना, तुझी जीभ एक दिवस तुला खाईल.

शनिवार, १७ ऑक्टोबर

शेजारच्या संगमरवराच्या वखारीत ट्रक आला होता. बिखीत बाकावर बसला होता. मागून कुणी हाक मारली म्हणून एक पाय पुढे टाकून उठला, आणि लादी सुटली. उभी आली, धारेवर. घोट्याच्या वर. विटीसारखा उडाला पाय, चपलेसकट.

मी माझी ओढणी बांधली वर. तो ओरडलाच नाही. सारखा विचारत होता, चप्पल कुठाय, चप्पल कुठाय. गाडीत घालून नेला. मग मीच फरशी धुतली.

रेझिनच्या माणसाचाही पाय तोच. डावा. तुटलाही तिथेच.

योगायोग असतो. गावी आमच्याकडे एकदा एकाच दिवशी दोन गाढवं मेली होती.

मंगळवार, २० ऑक्टोबर

आज उस्ताच्या माणसात बुडबुडा निघाला. वरून दिसला नाही. मी उचलला तर पोटावरचा हात अंड्याच्या टरफलासारखा चुरला. आत पोकळ.

उस्ताला म्हटलं, आज हंड्याला हात लावू नका. त्याने विचारलं, का? काय सांगणार? म्हटलं, तुमचं पोट आडवं येतं. तो म्हणाला, तुझी जीभ येते त्याहून कमी.

बुधवार, २१ ऑक्टोबर

झाकणाचे बोल्ट एकदम सुटले. उस्ता एका हाताने झाकण दाबून काटा वाचत होता. झाकण छतात घुसलं. हात झाकणाबरोबर गेला. भिंतीवर, दिव्यावर, रावयाच्या ताज्या रंगवलेल्या बागेवर. मनगटातून कारंजं, आणि तो त्याच्याकडे बघत उभा, दुसरा हात पोटावर ठेवून.

मोठी पोर बेशुद्ध पडली. मी त्याच्या दंडाला कॉम्प्रेसरची नळी आवळून बांधली. हज्जा वरून ओरडत होती, काय फुटलं रे? काय फुटलं?

हंड्यावरच्या जुन्या पंज्यांमध्ये एक नवा पंजा आहे. ओला.

शनिवार, २४ ऑक्टोबर

रावयाला सगळं सांगितलं, बिखीतच्या पायापासून. कटरचं फक्त तिला आणि मला माहीत. ती बिया चावायची थांबली. म्हणाली, कागदाची बाहुली टोचल्यावर आपण काय करतो?

जाळतो.

तू जाळलीस?

कशी जाळणार? कागदाची बाहुली एक असते, जळली की संपलं. हा साचा आहे. हा दर वेळी नवी बाहुली देतो. रावया म्हणाली, आत्ताच्या आत्ता जाळ, राख नाल्यात टाक. मी म्हटलं, अगं, त्यात मी पण आहे. मला काय होईल? ती म्हणाली, मला काय माहीत. कदाचित काही नाही.

कदाचित.

साचा माझ्या खोलीत आणून खाटेखाली ठेवला. चूल पेटवली होती. विझवली. उद्या बघू.

बुधवार, २८ ऑक्टोबर

उद्या उद्या करत चार दिवस गेले.

सकाळी दवाखान्यात गेले होते, बिखीतला बघायला. परत आले तर टेबलावर माणसांचा ढीग. हज्जाने माझ्या खोलीतून साचा आणवला होता. मुलगा दवाखान्यात म्हणून काम थांबतं होय, असं पोरींना म्हणाली. पोरींनी घाईत साच्याचे अर्धे नीट बसवले नाहीत. एक अर्धा सरकला होता, हज्जाच्या बाजूने. सगळ्या हज्जा तशाच निघालेल्या. तोंडाचा अर्धा भाग वर, अर्धा खाली घसरलेला. एक डोळा गालावर.

मी रस्त्यावर धावले. ती बाल्कनीतच होती, टोपली सोडत. मी ओरडले, हज्जा, आत जा! हज्जा, आत जा गं!

खाली भाजीवाला ओरडत होता. तिला ऐकू आलं नाही. कानाला हात लावून वाकली. काय म्हणतेस, म्हणाली. अजून वाकली —

कठडा तिच्याबरोबर आला. खाली कॉम्प्रेसरची लोखंडी पेटी. तोंडावर.

चेहऱ्यावर चादर घालताना मी पाहिलं. तसंच. अगदी तसंच.

मी ओरडले नसते तर.

रविवार, १ नोव्हेंबर

उस्ता दवाखान्यातून आला. हाताच्या जागी गुंडाळलेलं फडकं. आईच्या खुर्चीवर बसून असतो. पोरींना एकेक करून आत बोलावलं. सुईचं सांगितलं त्यांनी. नावांचंही. त्या दिवशी मी कशी हसले तेही.

संध्याकाळी मला एवढंच म्हणाला, तो जाड्या मी होतो तर.

साचा मी लपवलाय. पिठाच्या डब्यात. रावया गेली, सामान घेऊन, बहिणीकडे. जाताना म्हणाली, जाळ, बये, जाळ.

एक युक्ती सुचलीय. चौथा भाग आधी कापून काढायचा. माझा. मग बाकीचा साचा जाळायचा. मग बघू माझ्या भागाचं काय करायचं ते. शुक्रवारी, सगळे नमाजाला जातील तेव्हा.

शुक्रवार, ६ नोव्हेंबर

गेला नव्हता तो नमाजाला. दारामागे बसून होता.

साचा माझ्या मांडीवर, सुरी अर्धी आत गेलेली. उरलेल्या डाव्या हाताने केस धरून ओढलं मला. दाराच्या चौकटीवर डोकं आपटलं. दोनदा. दात पडला एक, पुढचा. मग घासायच्या खोलीत टाकून जाळीचं दार बंद केलं, कुलूप. सुरी घेतली. वही झग्याच्या खिशात राहिली, पेन्सिल पण.

रस्ता रिकामा. ओरडून बघितलं. कॉम्प्रेसर चालू केला त्याने, माझा आवाज त्यात बुडाला.

—

जाळीतून दिसतं सगळं. तिघांच्या पोकळ्यांत त्याने मेण भरलं. माझी एकच उघडी. एका हाताने कालवतोय. सांडतंय. हंड्याचं झाकण नवं आहे.

म्हणाला, बुडबुडा निघेपर्यंत ओतणार. कुठे निघेल ते देवाच्या हातात. डोळ्यात, पोटात, कुठेही.

—

पहिली निघाली. जाळीशी आणून दाखवली. पाहिली मी. नाक, दात, बोटं. सगळं आहे. बोट वर करून हसतेय मेली.

त्याने पायाखाली चिरडायला पाय उचलला. मग म्हणाला, नको, चिरडून काय होणार, खोट साच्यातूनच यायला हवी. खिशात टाकली.

—

दुसरी. चांगली.

एक गोष्ट त्याला माहीत नाही. बिखीतचा पाय बुडबुड्याने गेला नाही. कटरने गेला. म्हणजे खोट निघायची वाट बघायची गरजच नाही. हे मला माहीत आहे आणि रावयाला. पोरींना वाटतं तो साच्यातूनच तसा आला. त्याला समजता कामा नये. आयुष्यात एकदा तोंड बंद ठेव, इन्शिराह. एकदा. रेझिनचा डबा संपत आलाय. संपू दे.

—

तिसरी, चौथी. चांगल्या. माझा साचा छान झाला होता, काय करणार.

त्याला घाम आलाय. फडक्यातून रक्त येतंय. रडतोय मधेच, आई म्हणतोय. मग मला शिव्या. पाचवी साच्यातून निघता निघेना, एका हाताने ओढत होता, हिसके देत होता. देठ धरून —

बघवलं नाही. आपोआप आलं तोंडातून, रोजच्यासारखं. उस्ता, म्हशीची धार काढताय का? देठ तरी नीट तोडा, नाहीतर माझ्यासारखं होईल. मी बिखीतचा पाय —

—

कॉम्प्रेसर बंद केला.

माझ्याकडे वळून बघतोय.

बोललं गेलं माझ्याकडून. बोललं गेलं —

रावयाचा खण उघडतोय. ब्रश पडले. दुसरा खण.

माझ्या बाहुलीचा देठ कुठे आहे मला माहीत आहे. मीच ठेवला. वर केलेल्या हाताला.

—

जाळीशी आलाय. खिशातल्या सगळ्या काढून फरशीवर ओळीत मांडल्या. पाच मी. कटर मांडीवर. एकदम शांत. विचारतो, उम्म हना, लिहितेस कुठल्या हाताने?

डाव्या, म्हटलं.

हसला. बघतोय ना तो मला, उजव्याने लिहिताना बघ —

पहिली उचलली. बोटं आधी म्हणतो. मग मनगट. मग दुसरी घेणार. पाच आहेत —

दार हलवलं. हलत नाही. कुणी नाही रस्त्यावर

हना, रावयाला म्हणावं तो साचा जाळ. माझा विचार करू नको. आजच. तो ओतत राहील. माझ्यासक